नाल्यातून आलेली पावलं

१

शुक्रवारी सकाळी तय्यबचाचांचा फोन आला तेव्हा वैजयंती संस्कृतीला मुगाची खिचडी भरवत होती. चौदा महिन्यांची पोर तोंड घट्ट मिटून बसली होती. वैजयंतीच्या एका हातात चमचा, तर फोन खांद्याच्या आधारानं कानाशी धरलेला.

"बेटी, घरटं खाली हाय," चाचा म्हणाले. "चारी अंडे गेले. मादी पन दिसून नाई राह्यली."

चमचा हातातच राहिला.

घरटं तणमोराचं होतं. कोंबडीएवढा हा पक्षी पावसाळ्यात गवताळ माळावर येतो. नर गवतातून उंच उड्या मारत मादीला बोलावतो, मादी जमिनीवरच अंडी घालते. आता हे पक्षी फार थोडे उरलेत. इंझोरीच्या तय्यबचाचांनी सात वर्षं आपल्या वावराकडेचा गवताचा तुकडा दिवाळीपर्यंत कापला नव्हता, आणि सातव्या वर्षी तिथं घरटं झालं. ही गोष्ट फक्त चौघांना ठाऊक होती. चाचांना, कारंज्याच्या धान्यव्यापाऱ्याचा मुलगा हरीओमला, बसस्टँडजवळ कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या शहबाजला आणि वैजयंतीला. मागल्या रविवारी तिघं फोटोवाले तिथं गेले होते ते तीन गोष्टी कबूल करूनच. साठ पावलांच्या आत जायचं नाही, घरट्याचा फोटो काढायचा नाही आणि जागा कुणाला सांगायची नाही.

संध्याकाळी हरीओमनं त्यांच्या छोट्या ग्रुपवर एक फोटो टाकला. कुणीतरी इंटरनेटवर चढवून तासाभरात काढून टाकलेला, पण हरीओमनं तेवढ्यात स्क्रीनशॉट काढून जपून ठेवला होता. गवतात चार हिरवट अंडी होती आणि अगदी कडेला उडून जाणाऱ्या मादीचा पुसट पंख.

खाली त्यानं लिहिलं, "तय्यबनंच सांगतलं. बुधवारी दोन कॅमेरेवाले त्याच्या दारात चहा पीत होते. मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं."

वैजयंतीला रडू येत होतं, संस्कृती रडतच होती, आणि त्या घाईत तिनं उत्तर टाकलं, "मलाही तसंच वाटतं. दुसऱ्या कुणाला कुठे माहीत होतं?"

हरीओमनं ते जसंच्या तसं वनखात्याच्या रेंजर मॅडमना पाठवलं. आख्ख्या माळाची राखण आणि निसर्ग मार्गदर्शकाचं ओळखपत्र चाचांना याच महिन्यात मिळायचं होतं. मॅडमनी ते थांबवलं. सोमवारी सकाळी दहाला इंझोरीत येऊन सगळ्यांचं ऐकून घेईन, असा त्यांचा निरोप आला.

शनिवारी उजाडताच चाचांचा पुन्हा फोन आला.

"बेटी," त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, "तू लिहिलं म्हने तसं?"

२

"कॅमेरा घेऊन निघाली का पोर घेऊन?" रुखमाबाईंनी विचारलं.

"दोन्ही, आत्याबाई."

"मग पोरीले त बस लागते. कॅमेऱ्याले लागत असन त पाहाय." सासूबाईंनी पिशवीत दोन लंगोट जास्तीचे कोंबले. जाऊ नको असं मात्र म्हणाल्या नाहीत.

इंझोरीला उतरेपर्यंत वैजयंतीनं मनाशी नीट मांडलं होतं. चाचांनी सांगितलं असेल तर तसं सिद्ध करायचं. सांगितलं नसेल तर सोमवारच्या आत खरं कोण ते काढायचं. आपण कुणावर बोट ठेवलंय, आणि ते नुसतं रडू आलं म्हणून, हे मात्र मांडणीत कुठं बसत नव्हतं.

चाचा घरी नव्हते. ओसरीवर रहमतबी तुरीची डाळ पाखडत होत्या. त्यांनी संस्कृतीकडे पाहिलं, वैजयंतीकडे पाहिलं नाही.

"बुधवारी पाहुणे आले होते का, चाची?"

"पाहुने कायचे. दोघं आले न पानी मांगलं. पानी मांगनाऱ्याले चहा नाई देत का तुमच्यात?"

"चाचा होते तेव्हा?"

"ते मानोऱ्याले गेले होते बाजाराले. मीच होती." सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "गुडघ्यापावतर चिखल होता त्याईच्या पँटीले. मी म्हनलं, कुठून आले बा, त हसले. मंग मलेच इचारते, चाची, गाडरस्ता कुठून निघते?"

वैजयंती थांबली. "येताना गाडरस्त्यानं नाही आले ते?"

"आले असते त इचारलं कायले असतं?"

इंझोरीतून वावरापर्यंत गाडरस्ता कोरडा होता. रविवारी तिघं त्याच रस्त्यानं आली होती आणि दक्षिणेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली होती. चिखल होता तो पलीकडे उत्तरेला, नाल्यात. त्या बाजूनं गावचं माणूस काय, जनावरही जात नव्हतं.

"हे मॅडमला सांगाल का सोमवारी?"

"मी सांगीन," रहमतबी म्हणाल्या. "पन मी घरवाली त्याईची. मायं कोन आयकते? तुयं आयकलं त्याईनं."

३

हरीओम गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर हातभर लांब लेन्स होती आणि मऊ ब्रशनं तो तिच्यावरची धूळ झाडत होता. अर्ध्या जिल्ह्याला दाखवून झालेली लेन्स.

"वहिनी, तुमी जासूस झाल्या म्हने."

"बुधवारी चाचांच्या दारात गाडी होती का त्या दोघांची?"

तो आठवू लागला. "गाडी… नाई. गाडी नाई दिसली. कॅमेरे दिसले गळ्यात, अन् टोप्या."

"म्हणजे गाडी दुसरीकडे ठेवली होती."

"लपवलीच असन ना मग. चोर दारात लावते का?"

"चोर चहा प्यायला थांबतो का, हरीओमभाऊ? आणि चाचा दिसले होते का तुम्हाला तिथं?"

तो हसला, आणि मग हसू आवरलं. "चाचा… नाई, ते नाई दिसले. पन घर त त्याईचंच ना."

रविवारच्या उडीचा फोटो त्यानं त्याच संध्याकाळी जगासमोर टाकला होता, खाली फक्त 'कारंजा परिसर' लिहून. गवताच्या वर अधांतरी नर, काळी मान ताठ, मागं कुंपणाचा एक वाकडा दगडी खांब. फोटो फारच चांगला होता. वैजयंतीला तो पाहिला त्या दिवशी झोप लागली नव्हती, आणि कारण फक्त कौतुक नव्हतं.

"मी फोटो टाकला, जागा नाई टाकली," हरीओम म्हणाला. "हा कॅमेरा जुना हाय. त्याले सोताचं गाव माईत नाई."

ते तपासायला ती शहबाजच्या दुकानात गेली. टेबलावर उघडे पडलेले कॅमेरे, लहान स्क्रूच्या डब्या, आणि शहबाज डोळ्याला भिंग लावून.

"भाभी, शक माझ्यावर पण घ्या," तो मान वर न करता म्हणाला. "मागल्या सोमवारी तुमचा कॅमेरा सेन्सर साफ करायला माझ्याकडेच होता."

"कार्ड मी काढून नेलं होतं."

"तेच म्हणतो मी. शक घ्या, पण कार्ड मोजून घ्या."

त्यानं हरीओमचा फोटो कॉम्प्युटरवर उघडून त्याच्या पोटातली माहिती दाखवली. प्रत्येक डिजिटल फोटो आपल्याबरोबर एक चिठ्ठी घेऊन फिरतो. कोणता कॅमेरा, कोणती लेन्स, किती वाजता. आणि कधी कधी, कुठे. हरीओमच्या चिठ्ठीत 'कुठे'ची जागा रिकामी होती. शहबाजच्या फोटोंतही रिकामी.

"आता तो अंड्यांचा फोटो दाखवा," वैजयंती म्हणाली.

त्याची चिठ्ठी स्क्रीनशॉटमध्ये केव्हाच गेली होती. पण वैजयंतीनं चिठ्ठी मागितलीच नव्हती. ती नुसती पाहत राहिली. संस्कृतीनं टेबलावरची लेन्सची टोपी तोंडात घातली, ती काढून घेतली, तरी पाहत राहिली.

"शहबाजभाई, मागे काय दिसतंय?"

"धुरा. आणि ते झाड, कडुनिंब."

"चाचांच्या घराचा कडुनिंब. घर दक्षिणेला आहे. म्हणजे फोटो काढणारा घरट्याच्या उत्तरेला उभा होता."

शहबाजनं भिंग काढलं.

"उत्तरेला तर नाला आहे," तो म्हणाला.

४

रविवारी सकाळी संस्कृतीला सासूबाईंजवळ ठेवून वैजयंती एकटीच गेली. चाचा धुऱ्यावर उभे होते. तिनं नमस्कार केला, त्यांनी मान हलवली, आणि दोघं घरट्याला लांबून वळसा घालत नाल्याकडे चालू लागली.

वाटेत चाचा खाली वाकले. घरट्यापासून थोड्या अंतरावर अंड्याच्या टरफलाचे तुकडे पडले होते, चोचीनं फोडलेले.

"कावळे," चाचा म्हणाले. "मादी उठली असन, कावळे टपून असतेत. मानसानं नेले नाई अंडे. मानसानं फक्त तिले उठवलं."

नाल्याच्या काठाला काळ्या मातीत बुटांचे ठसे होते. बुधवारनंतर ऊन पडलं होतं, त्यामुळे ठसे भाजलेल्या विटेसारखे कडक झाले होते. दोन माणसं. पलीकडच्या डांबरी सडकेपासून सुतासारखी सरळ. मध्ये नाला होता तरी सरळ, गुडघाभर चिखल होता तरी सरळ. पन्नास पावलांवर दगडांचा उतार होता, तिथून कोरड्यानं येता आलं असतं.

वैजयंतीच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

"चाचा, तुम्ही कुणाला इथली वाट सांगितली असती तर कशी सांगितली असती?"

"कशी म्हंजे? इंझोरीत उतर, मशिदीपासून गाडरस्ता घे, कडुनिंब दिसन."

"तेच. माणूस सांगतो तेव्हा वाट सांगतो. ह्यांना वाट माहीत नव्हती, नुसती जागा माहीत होती. ह्यांच्या हातात नकाशावरची टाचणी होती, तिच्याकडे नाकासमोर चालत आले." तिनं चिखलाकडे बोट केलं. "तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. हे ठसेच सांगतात."

चाचांनी ठशांकडे पाहिलं. "मले त माईतच होतं, बेटी, का मी नाई सांगतलं," ते म्हणाले.

तिला मोकळं वाटायला हवं होतं. उद्या मॅडमना हे दाखवलं की झालं. पण टाचणी आली कुठून? ती ठशांमागं निघाली. आणि पाहते तो ठसे सरळ घरट्याकडे गेलेच नव्हते.

५

ठसे आधी पूर्वेकडच्या बोरीच्या झुडपाखाली गेले होते. तिथलं गवत पार तुडवलेलं होतं. दोघं तिथं बराच वेळ उभे राहिले असावेत, इकडेतिकडे बघत. मग तिथून पावलं फिरत फिरत बाहेर पडली होती, एक फेरा, दुसरा मोठा फेरा, तिसऱ्या फेऱ्यात घरटं.

म्हणजे टाचणी घरट्यावर नव्हती, बोरीखाली होती.

शहबाजनं काल सांगितलं होतं की फोटोच्या चिठ्ठीतली जागा समोरच्या वस्तूची नसते, कॅमेरा जिथं असतो तिथली असते. मग मागल्या रविवारी बोरीखाली बसून फोटो कुणी काढला होता? हरीओम आणि शहबाज धुऱ्यावरून हललेच नव्हते.

"इथं कोन बसलं होतं, मले याद हाय," चाचा मागून म्हणाले. त्यांनी नाव घेतलं नाही.

आख्ख्या वावरात मोबाइलला रेंज मिळते ती त्या बोरीखालीच. रविवारी दर पंधरा मिनिटांनी तिथं जाऊन घरी फोन कोण करत होतं? झोपली का, उठली का, दूध प्यायली का, अंग गरम तर नाही ना. रुखमाबाई शेवटी म्हणाल्या होत्या, "पोरगी झोपली हाय, तुया फोननं उठन."

वैजयंती खाली बसली.

तिच्या जुन्या कॅमेऱ्यात जागा टिपायची सोय नव्हती. पण तो मोबाइलशी जोडता येत होता, आणि जोडला की मोबाइल त्याला प्रत्येक फोटोची जागा पुरवत होता. ते तिनंच चालू केलं होतं, संस्कृती सव्वा महिन्याची असताना. पहिलं हसू कुठं, पहिलं पाऊल कुठं, सगळं पुढं तिला दाखवता यावं म्हणून. चालू करून विसरली होती.

आणि लेन्स. तिचा फोकस रविवारभर थोडा अलीकडे पडत होता. बोरीखाली बसल्या बसल्या तिनं कुंपणाच्या वाकड्या खांबावर फोकस धरून चाचणीचा एक फोटो काढला. पक्षी नाही, घरटं नाही, नुसता खांब. दुपारी तो फोटोवाल्यांच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. अडीचशे माणसं, चार जिल्ह्यांतली. कुणीतरी लगेच लिहिलं होतं, "ताई, असा पाठवला की फोटो दबतो, काही कळत नाही. मूळ फाइल डॉक्युमेंट करून पाठवा." तिनं पाठवली.

साधा पाठवलेला फोटो दबतो आणि त्याची चिठ्ठीही गळून पडते. डॉक्युमेंट करून पाठवलेला फोटो काही म्हणजे काही गाळत नाही. हे तिला माहीत होतं. नवशिक्यांना तीच समजावून सांगायची.

६

मूळ फाइल मागणाऱ्याचं नाव भाऊसिंग होतं. तिनं कारंज्याला परतताना बसमधूनच फोन लावला. तिकडचा आवाज मोठ्या वयाचा, अदबीचा होता.

"हो, मॅडम. मी आणि पुतण्या गेलो होतो," तो म्हणाला. लपवायचं त्याच्या मनातही आलं नसावं. "हरीओमजींचा उडीचा फोटो पाहिला, त्यात मागं वाकडा खांब. दुपारीच तुमच्या फाइलमध्ये तोच खांब पाहिलेला. तुमच्या फाइलवर जागा होती. मला वाटलं, नको असती तर तुम्ही काढून टाकली असती."

"अंडी गेली," वैजयंती म्हणाली.



"आम्ही पाचच मिनिटं थांबलो हो. ती उडाली, वाटलं, येईल परत. लोक बोलायला लागले तेव्हा फोटो काढून टाकला. पण अंडी… हे मला माहीत नव्हतं." मग त्यानं हळूच विचारलं, "माझं नाव सांगणार का?"

"आधी माझं सांगायचंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तिचा नवरा अमरसिंग अनसिंगहून आला. तिथल्या शाळेत तो गणित शिकवतो, त्या रविवारीही जादा तास होते. त्यानं सगळं ऐकलं, संस्कृतीला मांडीवर घेतलं आणि शिक्षकासारखाच हिशोबी बोलला.

"चाचांनी सांगितलं नाही, हे ठशांवरून सिद्ध होतंय ना? मग तेवढंच सांग. ते सुटले. टाचणी कुठून आली ते कुणी विचारणार नाही. फाइल पुसून टाक."

"आणि विचारलं तर?"

"माहीत नाही म्हण. खोटं कुठं आहे त्यात? आज सकाळपर्यंत तुला माहीत नव्हतंच."

तिनं मोबाइल हातात घेतला. ग्रुपवरची ती फाइल अजून होती, खाली तिघांनी 'छान शार्पनेस' म्हणून अंगठे दिलेले. एक बोट लांब. रुखमाबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"त्या मुसलमानाच्या दारी माह्या नातीनं दूध पेलं," त्या तव्याकडे बघत म्हणाल्या. "उद्या पोरीले घेऊन जाय का नको जाऊ, तुयं तू पाहाय."

७

सोमवारी दहाला रेंजर मॅडम आल्या. ओसरीवर सतरंजी टाकलेली. हरीओम आधीच आला होता, शहबाज दुकान बंद ठेवून आला होता. रहमतबी दाराच्या आत उभ्या होत्या. चाचांनी धुतलेला सदरा घातला होता, आणि त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, शाळेत फोटोला बसवल्यासारखे.

वैजयंतीनं मॅडमना आधी नाल्यावर नेऊन ठसे दाखवले. वाट न विचारता सरळ आलेले, बोरीखाली थांबलेले, मग फेरे घेत घरट्याला पोचलेले. वाटेतली टरफलं दाखवली. रहमतबींनी चिखलाच्या पँटींचं सांगितलं. मॅडम लिहून घेत होत्या. परत ओसरीवर आल्यावर त्यांनी पेन बंद केलं.

"म्हणजे तय्यबखान यांचा काही संबंध नाही. हे मला पटलं," त्या म्हणाल्या. "लोकेशन कुठल्या तरी फाइलमधून गेलं. कुणाच्या ते शोधणं आता अवघड आहे."

हरीओमनं सुस्कारा सोडला. "चाचा, माफ करा बा. मले तसं वाटलं होतं."

इथं ते संपलं असतं. शहबाज उठायलाही लागला होता. संस्कृती वैजयंतीच्या कडेवर तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती.

"अवघड नाही, मॅडम," वैजयंती म्हणाली. "माझी फाइल होती."

तिनं सगळं सांगितलं. बोर, रेंज, खांब, डॉक्युमेंट. भाऊसिंगनं काय म्हटलं तेही, आणि त्याचा नंबरही दिला. आणि शेवटी, चाचांवर बोट ठेवणारं वाक्य आपण काहीही न तपासता लिहिलं होतं, हेही. सांगताना तिनं कुणाकडेच पाहिलं नाही.

"वहिनी, कायले एवढं अंगावर घेऊन राह्यल्या?" हरीओम पुटपुटला. "खांब त माह्या फोटोतबी होता."

"तुमचं तुम्ही सांगा, हरीओमभाऊ. मी माझं सांगतेय."

मॅडमनी कोरा कागद पुढं केला. "हे लेखी द्यावं लागेल. तुमच्या नावावर नोंद राहील. पुढं कुठल्या माळावर, कुठल्या अभयारण्यात कॅमेऱ्याची परवानगी मागितली तर ही नोंद निघेल. चालेल?"

लिहायला दोन्ही हात मोकळे हवे होते. संस्कृती खाली उतरेना. चाचा उठले आणि त्यांनी पोरीला घेतलं. ती रडली नाही, त्यांच्या दाढीत बोटं घालून बसली. वैजयंतीनं दीड पान लिहिलं. सही करताना पेन अडकलं, तिनं पुन्हा गिरवलं.

मॅडमनी कागद घेतला आणि फाइलमधून चाचांचं ओळखपत्र काढून त्यांच्या हातात दिलं. फोटोत चाचा फारच गंभीर दिसत होते. रहमतबींनी ते पदराला पुसून पाहिलं.

सगळे उठले. वैजयंतीनं संस्कृतीला घ्यायला हात पुढं केले.

"चाचा, मी पुढच्या वर्षी…" तिला वाक्य सापडेना. "मी कॅमेरा नाही आणणार. नुसती बघायला येईन. धुऱ्यावरून."

चाचांनी पोरीची बोटं एकेक करून दाढीतून सोडवली आणि तिला आईच्या हातात दिलं.

"तुमी सांगतलं, ते लई मोठं केलं, बाई," ते म्हणाले. दोन वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच बाई म्हटलं होतं. "रागबिग नाई मले. दारात या, चहा पेऊन जा, पोरीले आना. पन पुढल्या साली तनमोर आला त मी तुमाले सांगनार नाई. अन् नाई आला, तरी सांगनार नाई."